आधी भांडण आणा

शलाकाने "मला लग्नाआधी करार करायचाय" असं जाहीर केलं, तेव्हा मी लीलवा सोलत होतो. लीलवा म्हणजे तुरीचे ओले दाणे. थंडीच्या दिवसांत बडोद्यातल्या निवृत्त माणसाला घरात हेच एक जबाबदारीचं काम दिलं जातं. वाक्य ऐकून माझ्या हातातली शेंग फुटली आणि दाणे सोफ्याखाली गेले. ते काढायला मी गुडघ्यांवर बसलो. त्यामुळे पुढचा सगळा संवाद मला सोफ्याखालून ऐकावा लागला.

"कसला करार?" सुहासिनीने विचारलं. सुहासिनी माझी बायको.

"आई, आम्ही दोघं कसं राहणार, कोणाचं काय, कोणती गोष्ट गृहीत धरायची नाही, हे लिहून काढायचं. वकिलासमोर. तन्मयही तयार आहे."

"लग्न करताय की दुकान भाड्याने घेताय?"

"दुकान भाड्याने घेताना तू दोनदा वाचून सही केलीस ना? मग?"

शलाकाचा नागरवाड्यात एक भाड्याचा गाळा आहे. तिथे ती मातीची खेळणी करते आणि भट्टीत भाजते. त्या भाडेकराराला आई साक्षीदार होती, त्यामुळे या युक्तिवादाला सुहासिनीकडे उत्तर नव्हतं. तिला उत्तर नसलं की ती माझ्याकडे वळते.

"अहो, तुम्ही काहीतरी बोला. खाली काय करताय?"

मी चार दाणे घेऊन बाहेर आलो आणि म्हणालो, "विचार करू." मास्तरकीत मी शिकलेलं हे सगळ्यात उपयोगी वाक्य आहे. वर्गात एखाद्या पोराने न येणारा प्रश्न विचारला की मी हेच म्हणायचो, आणि पोरं समजायची की सरांना उत्तर येतं.

खरं सांगायचं तर माझा गोंधळ उडाला होता. मुलगी लग्न करते आहे याचा आनंद मानायचा, की ती आधीच भांडणाची तयारी करते आहे याची काळजी करायची, हे कळेना. तन्मय मुलगा चांगला. कऱ्हाडचा, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर. स्वभावाने इतका शांत की आमच्या घरी जेवायला आला तर दुसरी पोळीसुद्धा त्याला विचारूनच वाढावी लागते, मागत नाही. अशा मुलाशी करार कशाला?

पण मला एखादी गोष्ट कळली नाही की मी ती मुलांना शिकवायला घेतो. शिकवता शिकवता कळते. तरसालीतल्या आमच्या सोसायटीच्या कॉमन प्लॉटवर संध्याकाळी मी पोरांना गोळा करून मराठी, गणित आणि जे सुचेल ते शिकवतो. फी नाही, हजेरी नाही. त्या संध्याकाळी मी विचारलं, "करार म्हणजे काय रे?"

एक मुलगी म्हणाली, "सर, भांडायच्या आधी जे ठरवतात ते."

शब्दकोशात इतकी नेमकी व्याख्या मला सापडली नसती. मी म्हटलं, "मग तुम्ही करा बरं एक करार. क्रिकेटचा." कारण त्यांचं क्रिकेट रोज एकाच कारणाने मोडायचं. ज्याची बॅट, तो आउट झाला की बॅट काखोटीला मारून घरी. बराच वेळ गदारोळ झाला आणि शेवटी सर्वानुमते एकच कलम ठरलं. भांडण झालं तरी बॅट घरी न्यायची नाही. बॅट सरांच्या दारामागे ठेवायची. त्या दिवसापासून आमच्या दारामागे एक बॅट उभी राहू लागली आणि सुहासिनी केर काढताना रोज तिच्याशी दोन शब्द बोलू लागली. ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

माझी मात्र खात्री पटली. करार ही वाईट गोष्ट नाही. मी शलाकाला म्हटलं, "मसुदा मी लिहितो."

"पप्पा, तो वकील इंग्लिशमध्ये करेल."

"मराठी मुलीचा मराठी मुलाशी करार, आणि मराठीचा शिक्षक घरात जिवंत असताना इंग्रजीत?"

शलाका आणि शेजारी बसलेला तन्मय यांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हाताऱ्याचं मन मोडायचं नाही, असा त्यांच्यात एक वेगळा करार तिथल्या तिथे झाला असावा.

मी मन लावून लिहिलं. एकमेकांच्या कामाचा मान राखणे, हे पहिलं कलम. घरखर्चाचं दुसरं कलम त्या दोघांनीच सांगितलं, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. तिसरं कलम बदलीचं. तन्मयची नोकरी बदलीची आहे, शलाकाची भट्टी मात्र जागेवरून हलत नाही. म्हणून मी लिहिलं, 'बदलीचा प्रसंग आल्यास उभयतांचे समाधान होईल असा निर्णय घ्यावा.' वाक्य मला इतकं आवडलं की मी ते सुहासिनीला दोनदा वाचून दाखवलं. चौथं कलम बॅटचं, पोरांच्या शब्दांत, जसंच्या तसं. शलाका हसली आणि म्हणाली, "राहू दे पप्पा, तेच सगळ्यात स्पष्ट आहे." तेव्हा मला त्यातली टीका कळली नाही. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, मी नाव दिलं: 'समाधानपत्र'.

का? कारण संसारात शेवटी मिळवायचं काय असतं? समाधान. मनाची तृप्ती. आता मी जन्मापासून बडोद्यात राहतो. भाजीवाल्याशी, बँकेशी, रिक्षावाल्याशी आयुष्यभर गुजरातीत बोललो. गुजरातीत 'समाधान' म्हणजे भांडणानंतरची तडजोड, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण लिहिताना माणूस एकाच भाषेत असतो आणि दुसऱ्या भाषेचं दार त्या वेळी बंद असतं. माझं तर कडी लावून बंद होतं.

वकील विहंगभाई यांचं ऑफिस मांडवीत, एका बांगड्यांच्या दुकानावर, अरुंद जिन्याने वर. विहंगभाई वकील आहेत, नोटरी आहेत आणि नवरा-बायकोच्या तंट्यांत मध्यस्थीही करतात. मांडवीत स्कूटर लावणं कठीण नाही. कुठेही लावता येते. काढणं कठीण. आपण वर जाऊन येईपर्यंत तिच्याभोवती हातगाड्या, दुसऱ्या स्कूटरी आणि एखादं लग्नाच्या खरेदीला आलेलं कुटुंब असं कडं तयार होतं. मी हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे उपयोगी पडणार आहे.

पहिल्या दिवशी विहंगभाई कोर्टात होते. त्यांच्या टायपिस्ट बाईंनी माझा मसुदा घेतला आणि गुजरातीत टाइप करायला बसल्या. 'समाधानपत्र' हा शब्द भाषांतर न करताच गुजरातीत जाऊन बसला. अक्षर न् अक्षर तेच. मला अभिमान वाटला. मग ई-स्टँपच्या अर्जात हेतू लिहायची वेळ आली.

"हेतु शुं लखुं?"

"समाधान," मी छाती काढून म्हणालो.

बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी उठून मला पाणी आणून दिलं. "केस नंबर?"

"केस कसली? केस नाही."

"बहारोबहार पती गयुं? सारुं, बहु सारुं."

बाहेरच्या बाहेर मिटलं ना, असं त्या विचारत होत्या. मला वाटलं, लग्न बाहेरगावी आहे का असं विचारताहेत. "नाही नाही, बडोद्यातच," मी म्हणालो. त्यांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, "दीकरीनो बाप छो, हिंमत राखजो." मुलीच्या बापाला धीर लागतो हे खरंच आहे, म्हणून मी मान हलवली आणि खाली आलो. अर्धा तास स्कूटर काढण्यात गेला. तेवढा वेळ मी विचार करत होतो की त्या बाई इतक्या प्रेमळ का वागल्या.

घरी येताना सोसायटीच्या नाक्यावर झेरॉक्स काढायला थांबलो. तिथे आमच्या शेजारच्या पूर्वीबेन उभ्या होत्या. मशीनमधून माझा कागद बाहेर आला तो नेमका त्यांच्याकडे तोंड करून. त्यांनी शीर्षक वाचलं, खाली शलाकाचं आणि तन्मयचं नाव वाचलं, आणि छातीवर हात ठेवला.

"अविनाशभाई! समाधान थई गयुं?"

"होईल, होईल. दोन-तीन दिवसांत सही."

"भगवाननो पाड! अमने तो खबरज नही," देवाचे उपकार मानत त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कळवणारच होतो," मी म्हणालो. माणसाच्या मनात जो अर्थ भरलेला असतो तोच त्याच्या कानात उतरतो, एवढंच माझ्या बाजूने सांगतो.

त्या संध्याकाळपासून सोसायटी बदलली. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. समोरच्या घरातून लीलो चेवडा आला. वरच्या मजल्यावरून कचोऱ्या आल्या. कॉमन प्लॉटवर पोरं इतकी शहाण्यासारखी बसली की मला वाटलं कोणाला ताप आलाय. विचारलं तर म्हणाली, "मम्मीने सांगितलंय, सरांना त्रास द्यायचा नाही."

"का?"

"माहीत नाही सर. पण दिलेला नाही."

तळमजल्यावरच्या काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांच्या भाचीचंही असंच झालं होतं आणि आता दोन मुलं आहेत. मी अभिनंदन केलं. दुसऱ्या एका गृहस्थांनी सल्ला दिला की मुलाकडच्यांपुढे फार वाकू नका, आणि त्यांच्याच पत्नीने मागून सांगितलं की थोडं वाकलेलं बरं. मी कोणाला काय विचारावं हेच मला कळेना. सुहासिनी म्हणाली, "अहो, सगळे आपल्याला इतकं खायला का देताहेत? आपल्याकडे कोणी गेलंय का?"

यानंतर प्रतापसिंहराव आले. हे सुहासिनीचे मामा, आमच्या नात्यातले सगळ्यात ज्येष्ठ. त्यांच्या पणजोबांनी संस्थानच्या फौजेत तलवार चालवली होती. ते स्वतः फोन चालवतात, पण त्याच जोशात. त्यांच्या कानावर बातमी सोसायटीतूनच गेली होती.

"अविनाश, घरात एवढं रामायण झालं आणि मला परक्याकडून कळतं?"

"मामा, रामायण कसलं? लग्नाआधी एक कागद करतोय."

"तेच ते. मी वरपित्याला फोन करून आलोय. तू काळजी करू नकोस. मी संबंध जोडणारा माणूस आहे."

फोनवर काय झालं ते त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. तन्मयचे वडील आनंदराव कऱ्हाडला असतात. गुजरातीचा त्यांना गंध नाही. मामा म्हणाले, "समाधान झालं म्हणे, बरं झालं!" आनंदराव म्हणाले, "हो, आमचं पूर्ण समाधान आहे. मुलगी फार गुणी." मामा म्हणाले, "झालं गेलं विसरून जा." आनंदराव म्हणाले, "काय झालं?" मामा म्हणाले, "तुमचा मोठेपणा आहे, की विचारताय." अशा रीतीने मामांनी संबंध जोडला आणि आनंदरावांनी रात्रीची गाडी धरली.

त्यांचा मला निरोप आला, तो एवढाच: "निघालोय. समोरासमोर बोलू."

मी तो निरोप वाचून खुर्चीत बसलो. मला काहीही कळत नव्हतं. सहीच्या दिवसाला वरपिता हजर राहतोय, हे चांगलंच की. पण 'समोरासमोर' या शब्दात मला काहीतरी टोचत होतं. मराठीच्या शिक्षकाला शब्द टोचले तर त्याने कोणाकडे जावं?

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं मांडवीला गेलो. मी, सुहासिनी, शलाका आणि तन्मय. आनंदरावांना मी तिथलाच पत्ता कळवला होता. विहंगभाई खुर्चीत होते. गोल चेहरा, हसरे डोळे, आणि टेबलावर शेंगदाण्यांचा डबा. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"मास्तर, शेनुं समाधान?"

"म्हणजे?"

"एटले के, तडजोड कशाची?" विहंगभाई मराठी छान बोलतात, बडोद्याचे बरेच वकील बोलतात. "या दोघांचं भांडण काय होतं?"

"भांडण कुठलं? त्यांचं कधी भांडणच झालं नाही."

"मग समाधान कसं केलंत?"

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यातलं ते कडी लावलेलं दार उघडलं. पाण्याचा पेला, लीलो चेवडा, कचोऱ्या, पोरांचं शहाणपण, तळमजल्यावरची भाची, मामांचा फोन, सगळं एकामागून एक आत आलं. मागून हळूच कऱ्हाडची गाडी आली.

"अगंबाई," सुहासिनी म्हणाली. तिलाही तेव्हाच कळलं. "म्हणजे सगळ्यांना वाटतंय की हिचं लग्न मोडलं होतं?"

"फार मोठी गोष्ट नाही," विहंगभाई म्हणाले. "नाव बदलून टाकू. 'लग्नपूर्व करार' लिहू. नवा ई-स्टँप काढू. वात खतम."

इथे मी शहाणपणा करायला हवा होता. पण मी म्हणालो, "शब्द बदलणार नाही. शब्द बरोबर आहे. समाधान म्हणजे मनाची तृप्ती. माझ्या भाषेत."

"मास्तर, स्टँपवर गुजराती आहे."

"शब्द आधी माझा आहे."

शलाका कपाळाला हात लावून बसली. विहंगभाईंनी दोन शेंगदाणे तोंडात टाकले आणि मजेत म्हणाले, "ठीक छे. शब्द राहू दे. पण मग मला कायद्याने तकरार पाहिजे. आधी भांडण आणा, मग समाधान देतो. छोटंसं चालेल."

त्यांनी चेष्टा केली होती, पण मी मास्तर आहे, मला काम दिलं की मी ते पोरांकडून करून घेतो. मी दोघांना म्हटलं, "सांगा बरं एखादं."

तन्मयने खूप विचार केला. "शलाका चहात आलं फार घालते."

"नहीं चाले," विहंगभाई म्हणाले.

"तन्मय फोनवर 'हं' म्हणतो आणि मला वाटतं फोन कट झाला," शलाका म्हणाली.

"एमां तो मारी बायको पण केस करे. दुसरं?" त्यांनी कागद पुढे घेतला. "हे कलम तीन बघा. 'उभयतांचे समाधान होईल असा निर्णय.' मास्तर, सुंदर लिहिलंय. पण याचा अर्थ काय? बदली आली तर जायचं की नाही?"

"म्हणजे दोघांनी मिळून..." मी म्हणालो आणि थांबलो. वाक्य सुंदर होतं आणि त्यात काहीच नव्हतं.

"तन्मयभाई, बदली येण्यासारखी आहे का?"

तन्मय कागदाकडे बघत राहिला. तो शांत मुलगा आहे हे मी सांगितलंच. पण शांत असण्याचेही प्रकार असतात. पोराने पाटीवर बरोबर उत्तर लिहिलेलं असताना तो एक तऱ्हेने शांत असतो आणि दप्तरात बेडूक असताना दुसऱ्या तऱ्हेने.

"जामनगर," तो म्हणाला. "विचारलंय मला. अजून हो म्हटलं नाही."

"कधी विचारलं?" शलाकाने विचारलं.

"दिवाळीनंतर."

दिवाळी होऊन संक्रांत जवळ आली होती.

"मी तुला भट्टीचा नवा एलिमेंट बसवला ते दाखवलं, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"गाळ्याचा भाडेकरार पुन्हा केला तेव्हा?"

"शलाका, मला वाटलं आधी लग्न होऊ दे, मग सांगू. तुला उगीच टेन्शन..."

"उगीच? माझी भट्टी उगीच? 'गृहीत धरायचं नाही' हे आधी कोणी सुचवलं होतं? तू!"

"मग 'नाही' म्हणून टाकतो मी कंपनीला! आत्ता फोन करतो!"

"म्हणजे उद्या मला ऐकवायला मोकळा, की तुझ्या मातीपायी माझं प्रमोशन गेलं!"

"मी काहीही बोललो तरी चूकच का?"

"बोललासच कुठे!"

शलाका उठली. टेबलावर सगळ्यांची आधार कार्डं, फोटो आणि तो ई-स्टँप एका निळ्या फाइलमध्ये होते. तिने ती फाइल काखेत मारली आणि जिना उतरून गेली. तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

विहंगभाईंनी शेंगदाण्यांचा डबा बंद केला. "मी मजाक करत होतो," ते अगदी हळू म्हणाले.

एक शब्द बदलला असता तर आम्ही आतापर्यंत खाली सेवउसळ खात असतो. माझ्या शब्दाचा मान राखता राखता मी मुलीचं लग्न मोडलं होतं, आणि तेही व्याकरणशुद्ध.

नेमक्या याच वेळी आनंदराव जिना चढून वर आले. हातात बॅग, गळ्यात मफलर, श्वास लागलेला. दारातल्या टायपिस्ट बाईंना सहीसाठी एक साक्षीदार हवा होता. त्यांनी विचारलं, "काका, तमे नवरा छो?"

गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा, सवड असलेला. बडोद्यातल्या प्रत्येक मराठी माणसाने हा विनोद बाराखडीच्या आधी ऐकलेला असतो. पण तो प्रत्यक्षात घडताना मी पहिल्यांदाच पाहिला.

"मी नवरा नाही हो!" आनंदराव कडाडले. "नवऱ्याचा बाप! नवरा तो बसलाय! आणि नवरी कुठाय?"

"नवरी पण नथी," बाई घाबरून म्हणाल्या. "हमणां ज गई."

"गेली?" आनंदरावांनी बॅग खाली ठेवली. "म्हणजे खरं आहे तर! मी गाडीत रात्रभर स्वतःला सांगत आलो की खोटं असेल."

"तुम्ही गाडीत होता तोवर खोटंच होतं," मी म्हणालो. याहून अचूक उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण त्याने त्यांचं समाधान झालं नाही. कोणत्याच भाषेत.

सुहासिनी माझ्या दंडाला धरून म्हणाली, "अहो, जा ना तिच्या मागे!" मी उठलो आणि पुन्हा बसलो. कॉमन प्लॉटवर पोरगा बॅट घेऊन निघाला की मी कधी त्याच्यामागे धावत नाही. मागे धावलं की तो आणखी जोरात पळतो. एकट्याने बॅटने काय खेळणार, या हिशेबाने तो थोड्या वेळात फिरतोच. पण ते पोरांचं झालं. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत हा नियम लागतो का, हे मला अजिबात माहीत नव्हतं. मी खुर्चीच्या टोकावर अर्धा उठलेला, अर्धा बसलेला, असा राहिलो.

आनंदरावांनी दरम्यान माझा मूळ मराठी मसुदा टेबलावरून उचलला आणि मोठ्याने वाचायला घेतला. चौथ्या कलमाशी ते अडखळले.

"'भांडण झालं तरी बॅट घरी न्यायची नाही.' ही बॅट कोणती? अविनाशराव, आमच्याकडून कोणी बॅट मागितली का? आम्ही काही घेणार नाही, देणार नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलंय!"

"बाबा," तन्मय म्हणाला. तो इतका वेळ भिंतीकडे बघत होता. "बॅट म्हणजे... आपल्या मनासारखं झालं नाही की खेळच बंद करून निघून जायचं, ते." मग म्हणाला, "ती आत्ता घेऊन गेली. पण मी तर दिवाळीपासूनच घरी नेऊन ठेवली होती."

हे वाक्य त्याने आयुष्यात बोललेलं सगळ्यात लांब वाक्य असावं. बोलून तो उठला आणि दाराकडे निघाला, तर दारात शलाका उभी होती. केस विस्कटलेले, हाताला ग्रीस, काखेत फाइल.

"स्कूटर निघत नव्हती," ती म्हणाली. "तीन हातगाड्या आडव्या आहेत. नाहीतर गेलेच होते मी."

मी मांडवीतल्या समस्त हातगाडीवाल्यांना मनोमन आशीर्वाद दिला. तिने फाइल टेबलावर ठेवली.

"ही घ्या बॅट," ती म्हणाली. तन्मयचं वाक्य तिने जिन्यातून ऐकलं होतं की नाही, ते मी आजवर विचारलेलं नाही.

मग ते दोघं विहंगभाईंसमोर बसले आणि खरं भांडण सुरू झालं, बसून केलेलं. जामनगरला जायचं की नाही, ते त्या दिवशी ठरलं नाही. शलाका म्हणाली, "ते नंतर. आधी हे लिहा, की बातमी कळली त्याच दिवशी सांगायची. चांगली असो, वाईट असो, लग्नाच्या आदल्या दिवशीची असो." तन्मय म्हणाला, "आणि हेही लिहा, की ऐकणाऱ्याने ऐकून घेईपर्यंत खुर्ची सोडायची नाही." मग ती म्हणाली, भट्टी हलवता येते का ते दोघांनी मिळून बघायचं, आणि ते कळेपर्यंत त्याने कंपनीला ना हो म्हणायचं, ना नाही. माझं सुंदर वाक्य विहंगभाईंनी लाल पेनाने खोडलं आणि त्याच्या जागी ही साधी वाक्यं आली. मी मास्तर असून पहिल्यांदाच लाल शाई माझ्या वहीवर पडलेली पाहिली. दुखलं, पण दुरुस्ती बरोबर होती.

"हवे थयुं समाधान!" विहंगभाई खूश होऊन म्हणाले. "तकरार पण आहे, तडजोड पण आहे. स्टँप चालेल."

आनंदरावांनी साक्षीदार म्हणून सही केली. टायपिस्ट बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि त्यांनी ते जपून प्यायलं, जणू त्याचाही दुसरा काही अर्थ असावा. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "वकीलसाहेब, हा कागद कोर्टात टिकेल ना?"

"नाही," विहंगभाई म्हणाले. "आपल्याकडे असल्या कराराला कोर्ट फारसं विचारत नाही. तिथे याची किंमत चवाण्याच्या, म्हणजे फरसाणाच्या, पुडीएवढी."

"मग एवढं सगळं कशासाठी केलं?"

विहंगभाईंनी शेंगदाण्यांचा डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. "साहेब, माझ्याकडे लोक हेच भांडण लग्नानंतर सात-आठ वर्षांनी घेऊन येतात. यांनी आधी आणलं. शिंग खा."

सोसायटीत परतलो तेव्हा पूर्वीबेन गेटपाशीच होत्या. "समाधान थयुं?"

"झालं," मी म्हणालो.

"तो झघडो हतो खरो!"

"होता. पण समाधानाचा कागद आधी झाला, भांडण नंतर झालं, आणि मग पुन्हा समाधान झालं."

त्या घरात गेल्या आणि कचोऱ्यांची आणखी एक ताटली घेऊन आल्या. एवढ्या धक्क्याने माणसाचं डोकं फिरतं, असं त्यांना वाटलं असणार.

लग्न नीट पार पडलं. मामांनी संबंध आपण जोडल्याचं मांडवात सगळ्यांना सांगितलं. भट्टी जामनगरला नेण्यासारखी नाही, हे दोघं तिथे जाऊन बघून आले, आणि तन्मयने कंपनीला दोन वर्षं मागून घेतली. कंपनीने कुरकुर करत दिली. आता दोघं मकरपुऱ्याच्या बाजूला राहतात, इतक्या जवळ की आमच्याकडची फोडणी त्यांना शिंकायला लावेल. पण कामं असतात दोघांना. वरचेवर येणं होत नाही.

कराराची मूळ प्रत कोणी ठेवायची, यावर सहीच्या दिवशी जरा वाद झाला होता. शलाका म्हणाली, पप्पांकडे. बॅट ठेवतात तिथेच. भांडण हाताबाहेर गेलं तर दोघांनी मिळून यायचं आणि कागद काढून वाचायचा. तेव्हापासून ती निळी फाइल आमच्या दारामागे खिळ्याला टांगलेली आहे, बॅटच्या जरा वर. बॅट रोज जाते, रोज येते. फाइलला अजून कोणी हात लावलेला नाही.

संध्याकाळी पोरं गेली की मी दार लावताना तिच्याकडे एकदा बघतो. सुहासिनी म्हणते, "बापाने असलं काही मनात आणू नये."

मी कुठे काय मनात आणतोय? मी फक्त दारापुढची माझी खुर्ची जरा बाजूला सरकवून ठेवली आहे. एखादं छोटंसं झालंच, तर दोघांना आत यायला अडचण नको.